स्किप : ईव्ह म्युअरहेड

बर्फाच्या पट्टीवर पाण्याचे बारीक थेंब शिंपडले जात आहेत. ते गोठून पृष्ठभागावर इवले उंचवटे तयार होतात आणि त्यांच्यावरूनच ग्रॅनाइटचा सुमारे १९ किलोंचा दगड सरकत जातो. समोरच्या टोकाला, वर्तुळांमध्ये ब्रश टेकवून उभी आहे स्कॉटलंडची कर्लिंगपटू ईव्ह म्युअरहेड. सहकारी खेळाडूने कुठे नेम धरायचा, हे तो ब्रश सांगतो.

बर्फावरून दगड सरकवून तो वर्तुळांच्या मध्याजवळ नेण्याचा खेळ म्हणजे कर्लिंग, आणि त्यातल्या कर्णधाराला स्किप म्हणतात. दगड किती वळेल, बर्फ कुठे मंदावला आहे, हे तिने आधीच हेरलेले असते. दगड निघाला की तिची आरोळी घुमते आणि संघातल्या दोघी जणी जीव खाऊन बर्फ घासू लागतात, कारण घासलेल्या बर्फावर दगड अधिक लांब आणि अधिक सरळ जातो. प्रेक्षकांना दिसतो तो दगड, पण खेळ चालतो तो या आवाजावर, आणि एंडमधले, म्हणजे सामन्याच्या एका डावातले, आपल्या संघाचे शेवटचे दोन दगडही बहुधा तिलाच टाकायचे असतात.

ईव्हचे वडील गॉर्डन म्युअरहेड हेही जागतिक स्पर्धा खेळलेले कर्लर. २०१० साली व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये ब्रिटनची स्किप म्हणून ती उतरली, तेव्हा ती अवघी १९ वर्षांची होती. २०१३ मध्ये जागतिक विजेतेपद आणि २०१४ मध्ये सोची येथे ऑलिंपिक कांस्य तिने मिळवले.

आता ही दृश्ये प्याँगचांग ऑलिंपिकची, २०१८ सालच्या कांस्यपदकाच्या सामन्यातली. जपान एका गुणाने पुढे आहे आणि सामन्याचा शेवटचा दगड ईव्हच्या हाती आहे. एक गुण घेऊन बरोबरी साधता आली असती, पण तिने दोन गुणांचा, थेट विजयाचा फटका निवडला. गुडघा वाकवून, देह बर्फालगत नेत ती सरकते. दगडाच्या मुठीवरची बोटे अलगद सुटतात. दगड हवा तसा लागत नाही आणि कांस्य जपानकडे जाते. माझ्या मते तो निर्णय धाडसाचा होता, आणि स्किपकडून अपेक्षित असते ते हेच.

त्यानंतर खुब्यावर शस्त्रक्रिया झाली. २०२१ च्या जागतिक स्पर्धेतून ऑलिंपिकची थेट पात्रता हुकली आणि डिसेंबरमध्ये नेदरलँड्समधील लेउवार्डन येथे पात्रता फेरी खेळूनच संघाला बीजिंग ऑलिंपिकचे दार उघडावे लागले. बीजिंगमध्ये उपांत्य सामन्यात स्वीडनने पहिल्याच एंडमध्ये चार गुण घेतले. तरीही जादा एंडमध्ये ब्रिटनने १२-११ असा विजय खेचून आणला.

२० फेब्रुवारी २०२२. अंतिम सामन्यात समोर पुन्हा जपान. सातव्या एंडमध्ये चार गुण मिळतात आणि पुढे १०-३ असा निकाल लागतो. व्हिकी राइट, जेनिफर डॉड्स, हेली डफ आणि मिली स्मिथ यांच्यासह ईव्ह सुवर्णपदक स्वीकारते आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ३२ व्या वर्षी, तिने निवृत्ती जाहीर केली.