पुरात बुडालेला ऑर्गन

(दृश्य: जमिनीवर अंथरलेला पेपर, त्यावर पितळी पट्ट्यांच्या ओळी)

हे पेपरवर ओळीनं मांडलेलं दिसतंय ना, ते सूर आहेत. गाण्यातला सूर म्हणत नाहीये मी, पेटीवाले या पितळेच्या पट्टीलाच सूर म्हणतात, हवा लागली की मधली जीभ थरथरते आणि आवाज येतो. आम्ही दोनदा मोजले, १२२ भरले. बोटांनी दाबायच्या ६१ पट्ट्या आणि प्रत्येकीला दोन सूर, एक भरदार, एक बारीक. आता कॅमेरा जवळ जातोय तिथं बघा, काही सुरांच्या खाचेत अजून मातकट हिरवं काहीतरी बसलंय. ती कृष्णामाई आहे, ऑगस्ट २०१९ ची.

(दृश्य: मिरज, सतारमेकर गल्ली, सकाळ)

मिरज. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला, त्याच्या बातम्या सगळ्यांनी करून झाल्या, म्हणून टांगलेल्या भोपळ्यांचे आपण दोनच शॉट ठेवलेत. आपल्याला जायचंय या मागच्या खोलीत. हे चाचा. पेट्या दुरुस्त करतात, वडलांच्या हाताखाली शिकले. नाव घालू नका म्हणाले, चेहरा चालंल, म्हणून चेहरा आहे, नाव नाही.

आणि त्यांच्या समोर जे लाकडी कपाटासारखं उघडं पडलंय तो ऑर्गन. सांगलीच्या गावभागातल्या एका वाड्यातला. घरातले आजोबा हौशी संगीत नाटकांत साथीला बसायचे, ते गेल्यावर आजी रोज फडक्यानं पुसायच्या, आणि २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा हा तळमजल्यावर होता. सहा दिवस पाण्यात. त्या पुरात गावभागातल्या आणखी किती पेट्या, किती तबले, किती फोटोंच्या पेट्या चिखलाबरोबर ट्रॉलीत भरून गेल्या ते आपल्याकडे शूट नाही, पुढं जाऊ.

(दृश्य: पॅरिस, उभा मोबाईल व्हिडिओ)

हा व्हिडिओ उभा आहे, सॉरी. आमच्या ग्रुपमधल्या एकाची बहीण तिकडं नोकरीला आहे, फोन आडवा धर म्हणून तीनदा सांगितलं होतं. पॅरिसचं नोत्र दाम. २०१९ च्याच एप्रिलमध्ये, १५ तारखेला संध्याकाळी, याचं छप्पर जळताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. आतला मोठा ऑर्गन मात्र जळला नाही. छपराचं शिसं वितळून त्याची पूड सगळीकडं बसली होती, पाईपांवरसुद्धा.

आता हे बघा, ती वर कॅमेरा फिरवतीये. मुख्य दाराच्या डोक्यावर, त्या गोल रंगीत खिडकीच्या खाली, हे जे चकचकीत नळकांड्यांचं जंगल आहे, हे फक्त दर्शनी. एकूण पाईप जवळपास ८ हजार. ११५ स्टॉप, म्हणजे आपल्या पेटीला खुंट्या असतात ना ओढायच्या, तशा. हातानं वाजवायच्या पट्ट्यांचे पाच मजले, आणि सहावा पायांसाठी, कारण तिथं पाय भाता मारत नाहीत, पायसुद्धा सूर वाजवतात. सगळ्यात मोठ्या सुराच्या पाईपची लांबी ३२ फूट, आपल्या दुमजली वाड्याच्या वर जाईल एवढा, आणि तो एका सेकंदात सोळाएक वेळाच थरथरतो, म्हणजे कानापेक्षा बरगड्यांना जास्त कळतो. सगळ्यात लहान पाईप पेन्सिलीपेक्षा बारका.

एक गंमत लक्षात आली का? लोक ऑर्गनकडं पाठ करून बसलेत. वेदी तिकडं पुढं, ऑर्गन मागं उंचावर, आणि वाजवणारा तर दिसतच नाही. आपल्याकडं गवई समोर पाहिजे, त्याचे हातवारे पाहिजेत, दाद द्यायला मान हलवायला पाहिजे. इथं मागनं, वरनं आवाज पडतो अंगावर. सूर सोडला तरी तो पाच-सहा सेकंद दगडी भिंतींवर फिरत राहतो, त्यामुळं वाजवणाऱ्याला पुढचा सूर त्या गुंजनाचा हिशोब धरूनच टाकावा लागतो, घाईत वाजवलं की सगळं एकात एक मिसळून काला.

या ऑर्गनच्या बाकावर लुई व्हिएर्न नावाचा वाजवणारा ३७ वर्षं बसला, १९०० पासून. दृष्टी जवळजवळ नव्हतीच. २ जून १९३७ ला त्याचा १७५० वा कार्यक्रम चालू होता आणि वाजवता वाजवताच तो बाकावर कोसळला, पाय खालच्या एका पट्टीवर पडला आणि तो एकच खर्जाचा सूर सगळ्या देवळात घुमत राहिला असं सांगतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपले गवई अब्दुल करीम खाँसाहेब गेले, तेही प्रवासात, रेल्वे स्टेशनवर, आणि त्यांना आणलं मिरजेला, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. दोन्ही गोष्टींचा एकमेकांशी संबंध काही नाही. पण एडिट करताना तारखा शेजारी आल्या, मग काढवेना.

(दृश्य: परत मिरज, भाता उलगडलेला, जवळून)

आता नीट बघा, कारण यावर आम्ही चार दिवस घालवलेत.

आपली हातपेटी असते तिच्यात भाता हवा आत भरतो आणि ती सुरातनं बाहेर ढकलतो. या ऑर्गनमध्ये उलटं. पायांनी दोन पायडल आलटून पालटून दाबायचे, त्यानं आतला भाता हवा बाहेर काढतो, आत पोकळी होते, आणि पट्टी दाबली की बाहेरची हवा सुरातनं आत ओढली जाते. सूर ढकलल्यावर वेगळा बोलतो आणि ओढल्यावर वेगळा, ओढलेला गोल, मऊ. चाचांनी एकच सूर तोंडात धरून फुंकून दाखवला आणि मग ओढून दाखवला, ऐका.

(इथं बोलणं नाही, दोन्ही आवाज)

कळला फरक? मिशनवाल्यांनी प्रार्थनेसाठी असले ऑर्गन आपल्याकडं आणले. अमेरिकेतल्या एस्टी नावाच्या एकट्या कारखान्यानं असे ५ लाखांच्या वर बनवलेत. ज्याला मोठं चर्च आणि हजारो पाईप परवडत नाहीत त्याच्यासाठी बैलगाडीत मावणारा गरिबाचा ऑर्गन. तो आमच्या नाटकवाल्यांनी उचलला. पडदा वर जायच्या आधी साथीदार पायडल मारून हा तयार ठेवायचे आणि नांदी सुरू व्हायची तीच याच्या सुरात. बालगंधर्वांच्या कंपनीत ऑर्गनला हरिभाऊ देशपांडे, तबल्याला थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष. आणि हे बालगंधर्व आपल्या पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे, हे सांगलीकराला वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिलं नाटक केलं तेव्हा ऑर्गन नव्हता, पण नंतर कित्येक वर्षं संगीत नाटक म्हटलं की हा खोक्यासारखा प्राणी रंगमंचासमोर असायचाच.

(दृश्य: भात्याचं जुनं कापड सोलून काढताना)

पाणी लागल्यावर याचं काय होतं ते चाचांकडनंच ऐकू. "पितळ मरत न्हाई हो. लाकूड फुगतं, सरस सुटतो, आन् चिखल आत वाळून बसतो. ओला असताना धुतला असता तर माझं निम्मं काम वाचलं असतं की." निम्मं काम वाचलं नाही. पाच वर्षं ताडपत्रीखाली पडून होता. भात्याचं रबरी कापड हातात घेतलं तर पापडासारखं मोडत होतं. आत उंदरानं घर केलेलं, त्यात कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे तुकडे. पट्ट्यांखालची बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, कसरीनं खाल्लेली, ती नवी घातली, लाल मिळाली नाही म्हणून हिरवी. झडपांना बकऱ्याचं मऊ चामडं, प्रत्येक झडप वेगळी, एकसष्ट वेळा कापा, चिकटवा, सुकवा. चिकटवायला सरसच, फेव्हिकॉल नाही, आणि यावर चाचा पाच मिनिटं बोललेत पण ते मी कापलंय. थोडक्यात असं की पुढच्या माणसाला परत उघडता आलं पाहिजे. सरस गरम पाण्यानं सुटतो.

हे मला फार आवडलं. पुढचा माणूस येणार आहे हे धरून चालणं.

(दृश्य: रात्र, एक बल्ब, कानस)

सुराचं काम रात्री. गल्लीत गाड्या थांबल्यावर, तरी मिरज जंक्शन आहे, दर थोड्या वेळानं शिट्टी होतेच आणि चाचा हात वर करून थांबतात. सूर चढवायचा असेल तर जिभेच्या टोकाला कानस, टोक हलकं झालं की ती लवकर थरथरते. उतरवायचा असेल तर बुडाशी खरवडायचं. एक घाव जास्त झाला की दुसऱ्या बाजूनं भरपाई, आणि असं तीनचारदा झालं की जीभ पातळ होऊन तुटते. एक तुटली. तो शॉट आहे, चेहऱ्यावर कॅमेरा होता नशिबानं.

पॅरिसलासुद्धा असंच झालं. जवळजवळ सगळे पाईप उतरवले, फ्रान्समधल्या वेगवेगळ्या वर्कशॉपमध्ये नेऊन साफ केले, परत बसवले, आणि २०२४ मध्ये सूर जुळवायचं काम कित्येक महिने रात्रीच चाललं, कारण दिवसा बाकीच्या दुरुस्तीची ठोकाठोक. तिथं मोठी टीम होती, इथं एक बल्ब आणि एक कानस. तुलना करायची नाही असं ठरवलं होतं खरं, पण दोन्ही कामांत शांतता लागते हे खरंय ना.

(दृश्य: जुन्या पुस्तकाची पानं उलटताना)

सूर जुळवायचा तो कशाशी, हा प्रश्न मधेच आला आणि त्यात आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. तंबोरा छेडला की त्यातनं जो गंधार आपोआप ऐकू येतो तो आणि ऑर्गनचा गंधार जुळत नाही, ऑर्गनचा किंचित चढा असतो, कारण सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेत. यावर भांडण करणारा एक माणूस सांगलीचाच. कृष्णाजी बल्लाळ देवल, रिटायर्ड डेप्युटी कलेक्टर, 'शारदा'कार देवलांचे भाऊ. १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बावीस बारीक स्वरजागांवर, इंग्रजीत पुस्तक काढलं, अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा हा त्यांचा मापदंड. मग क्लेमेंट्स नावाचा इंग्रज जज्ज त्यांना सामील झाला, साताऱ्यात फिलहार्मॉनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया काढली, आणि लंडनच्या कारागिरांकडनं श्रुती वाजवणारी पेटी बनवून घेतली. विचार करा, सांगली-साताऱ्यातली माणसं लंडनला सांगतायत की तुमच्या पेटीचा गंधार चुकलाय. ती पेटी चालली नाही. पुढं १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं पेटीलाच बंदी घातली, ती तीसएक वर्षं टिकली.

चाचांना हे सगळं मी सांगितलं. ते म्हणाले, "असंल. पर नाटकवाल्याला काळी चार पायजे." आणि घासायला लागले. काळी चार म्हणजे चौथी काळी पट्टी, तिथं गाणाऱ्याचा सा.

(दृश्य: पाय, गुडघे, हात, वेगवेगळे शॉट)

वाजवणारीचे पाय बघा. ही आजींची नात, कॉलेजला आहे. दोन्ही पाय पायडलवर, आणि गुडघ्यांनी बाजूला दाबायच्या या दोन लाकडी फळ्या, एक दाबली की आवाज फुलतो. घरात कीबोर्ड आहे, त्यात ऑर्गनचं बटणही आहे, ते दाबून पहिल्या दिवशी ती मला म्हणाली सेमच तर आहे. याच्यावर बसल्यावर दहा मिनिटांत पिंढऱ्या भरून आल्या. गाणारा श्वास घ्यायला थांबला तर इथं पायानं सूर धरून ठेवता येतो, हळू सोडता येतो, पाय दमले तर तेही ऐकू येतं. आजकाल संगीत नाटकाच्या प्रयोगाला कीबोर्ड आणतात, हलका आहे, टेम्पो लागत नाही, कळतं मला. तरी समोर बसून ऐकताना काहीतरी सपाट वाटतं. हे माझं मत, भांडा हवं तर.

(दृश्य: पॅरिस, परत उभा व्हिडिओ)

७ डिसेंबर २०२४ ला नोत्र दाम उघडलं तेव्हा तिथल्या आर्चबिशपनी ऑर्गनला आठ वेळा हाक मारली, जागा हो म्हणून. प्रत्येक हाकेला वरनं ऑर्गननं उत्तर दिलं. आपल्याकडं काकड्याला देवाला उठवतात, त्यांनी वाद्याला उठवलं. हा बहिणीचा व्हिडिओ त्या दिवसाचा नाही, नंतरचा आहे, पण आवाज तोच.

(दृश्य: गावभाग, वाड्याचं दार)

आजींनी हाक वगैरे मारली नाही. टेम्पो आला तेव्हा त्या कणीक मळत होत्या. पुढचं मी बोलत नाही.

(चाळीस सेकंद, निवेदन नाही)

दिवाळीत घरच्या घरी एक कार्यक्रम झाला, नंतर दोन प्रयोगांना नेला, सध्या घरीच आहे.

(दृश्य: जिना, चौघं ऑर्गन वर चढवताना)

तळमजल्यावर ठेवायचा नाही हे आजींनी आधीच सांगितलं होतं. जिना अरुंद, वळणावर अडकला, कठडा काढावा लागला. तो कठडा अजून बसवलेला नाही. आणि वरच्या सप्तकातला एक सूर कुरकुरतोय, हा आत्ता आला तो, चाचांना फोनवर ऐकवला. म्हणाले पावसाळा सरू दे, लाकूड बसंल, मग येतो.