काकडीच्या वासाचा मासा

श्रोतेहो, नमस्कार.

कोवळी काकडी चिरताना जो हिरवट, ओलसर वास दरवळतो, तो एखाद्या माशाला येत असेल यावर चटकन विश्वास बसत नाही. उत्तर गोलार्धातील थंड पाण्यात राहणाऱ्या स्मेल्ट नावाच्या छोट्या रुपेरी माशाच्या बाबतीत मात्र ते अक्षरशः खरे आहे. काकडीला तिचा वास ज्या नोनाडायनल या द्रव्यामुळे येतो, तेच द्रव्य या माशाच्या अंगातही तयार होते. त्याच्या एका प्रमुख प्रजातीचे ओस्मेरस हे शास्त्रीय नावही वास या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आलेले आहे.

स्मेल्ट सहसा वीतभर लांब किंवा त्याहूनही लहान, अंगाने सडपातळ असतो. त्याचा रुपेरी रंग हा खरे पाहता रंगच नव्हे. त्वचेत आणि खवल्यांत एकावर एक रचलेले ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक आरशाप्रमाणे भोवतालच्या पाण्याचाच उजेड परत फेकतात, आणि त्यामुळे मोठा थवा शेजारून गेला तरी शिकारी माशाला त्याची कड सहज सापडत नाही.

उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा इंद्रधनुषी स्मेल्ट हिवाळ्यात जे करतो, ते मला सर्वांत विलक्षण वाटते. समुद्राचे पाणी उणे १.९ अंश सेल्सियसच्या सुमारास गोठते, पण बहुतेक माशांचे रक्त त्याआधीच, उणे १ अंशापर्यंतही न पोहोचता गोठू लागते. हा मासा मात्र आपल्या यकृतात ग्लिसरॉल तयार करून रक्तात इतका साठवतो की रक्ताचा गोठणबिंदू समुद्राच्या पाण्याइतका खाली येतो. शिवाय बर्फाचे स्फटिक वाढू न देणारे एक प्रथिनही त्याच्याजवळ असते. ग्लिसरॉल कल्ल्यांतून आणि त्वचेतून सतत पाझरून जात असल्यामुळे ते पुन्हापुन्हा बनवावे लागते, आणि म्हणून ऐन थंडीतही या माशाला खात राहावे लागते.

बर्फ वितळू लागताच हे थवे खाडी ओलांडून ओढ्यांत शिरतात आणि मुख्यतः रात्री अंडी घालतात. अंड्याचे बाहेरचे आवरण फाटून उलटे होते व त्याचाच देठ बनून अंडे दगडगोट्याला चिकटते. खारे पाणी आणि गोडे पाणी यांमधला उंबरठा ओलांडण्याची ही क्षमता एवढी पक्की आहे की काही स्मेल्ट समुद्राशिवाय, निव्वळ तळ्यांतही पिढ्यान्‌पिढ्या जगतात. याच गुणावर भरवसा ठेवून १९१२ मध्ये मिशिगन राज्यातील क्रिस्टल लेकमध्ये, साल्मनला खाद्य मिळावे म्हणून, मेन राज्यातून आणलेली स्मेल्टची अंडी सोडण्यात आली. पुढे १९२३ मध्ये हा मासा मिशिगन सरोवरात सापडला आणि नंतर तो इतर महासरोवरांतही पसरला. खाद्य म्हणून आणलेला हा पाहुणा तिथल्या मूळ माशांची पिल्लेच खाऊ लागला, हे आणणाऱ्यांच्या हिशेबात नसावे.

याच कुळातला दुसरा मासा, कॅलिफोर्नियाचा डेल्टा स्मेल्ट, याची कहाणी नेमकी उलट्या दिशेने गेली. पाच-सात सेंटिमीटरचा हा जीव बहुधा वर्षभरच जगतो आणि सॅक्रामेंटो व सान होआकिन नद्यांच्या मुखाजवळच्या मचूळ पाण्याखेरीज जगात अन्यत्र कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. नद्यांचे पाणी शेतीसाठी आणि शहरांसाठी पंपांनी ओढले जाऊ लागले, तसा खाऱ्या आणि गोड्या पाण्यामधला तो उंबरठाच जागेवरून सरकला. शिवाय बाहेरून आलेल्या शिंपल्यांनी त्याचे सूक्ष्म अन्नही फस्त केले. अमेरिकेच्या संघीय सरकारने १९९३ मध्ये त्याला संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली संरक्षण दिले. तेव्हापासून शेतकरी, जलव्यवस्थापक आणि पर्यावरणवादी यांच्यातील न्यायालयीन वादांत बोटभर लांबीच्या या माशाचे नाव इतक्या वेळा आले आहे, की त्याला पाहिलेल्यांपेक्षा त्याच्यावर भांडलेलेच अधिक असावेत. २०१८ च्या शरद ऋतूतील नेहमीच्या जाळे-पाहणीत एकही डेल्टा स्मेल्ट हाती लागला नाही.

डिसेंबर २०२१ पासून टाक्यांमध्ये वाढवलेले डेल्टा स्मेल्ट त्या पाण्यात प्रायोगिक तत्त्वावर सोडले जात आहेत. त्यांच्या पैदाशीसाठी कोणत्या मादीची जोडी कोणत्या नराशी लावायची, हे प्रत्येकाची जनुकीय नोंद तपासून ठरवले जाते.