शिंपल्यांचं विष आणि आठवणींचे दरवाजे

श्रोतेहो, नमस्कार. मेंदूतली एक पेशी दुसरीला चेतवते ती बहुतेक वेळा ग्लुटामेट या रसायनामार्फत. ते ओळखणारे रिसेप्टर पलीकडच्या पेशीवर असतात. तीन नावं लक्षात ठेवा : अँपा, एनएमडीए आणि कायनेट. पुन्हा सांगतो, अँपा, एनएमडीए, कायनेट. हे तिन्ही रिसेप्टर दरवाजांसारखे; उघडले की आयन, म्हणजे सोडियम-कॅल्शियमसारखे विद्युतभारित कण, थेट पेशीत शिरतात. मेटाबोट्रॉपिक हा चौथा गट संथ चालीचा, त्याच्याबद्दल पुन्हा केव्हातरी.

आता १९८७ सालची गोष्ट ऐका. वर्ष संपत आलं होतं. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटाजवळचे शिंपले खाऊन शंभरहून अधिक माणसं आजारी पडली. आधी उलट्या, जुलाब. मग काहींना भ्रम, झटके. तिघं दगावले. वाचलेल्यांपैकी काही जण नीट बोलत, विचार करत; पण नवीन काही त्यांच्या लक्षात राहीना. वयस्कर माणसांना हा फटका जास्त बसला. (म्हाताऱ्या माणसाला अचानक विसर पडू लागला, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका हो. डॉक्टरांकडे न्या.)

शिंपल्यांचा अर्क उंदरांना टोचला. शिंपल्यांत नेहमी सापडणाऱ्या विषाची लक्षणं दिसेनात. उंदीर मागच्या पायानं सारखे खांदे खाजवत होते! रसायनतज्ज्ञांनी काही दिवसांतच विष शोधलं : डोमॉइक आम्ल. जपानमध्ये ते समुद्री शेवाळातलं जंतांचं औषध म्हणून माहीत होतं. इथं ते सूक्ष्म शैवालातून शिंपल्यांत साठलं होतं.

डोमॉइक आम्लाची घडण ग्लुटामेटसारखी. ते कायनेट आणि अँपा रिसेप्टरांवर जाऊन बसतं. ग्लुटामेट काम झालं की झटपट उचललं जातं. हे तसं उचललं जात नाही. पेशी चेतलेलीच राहते.

एरवी काय होतं? अँपा उघडतो, सोडियम आत येतं, पेशीचा विद्युतदाब बदलतो. एनएमडीएच्या तोंडाशी मॅग्नेशियमचं बूच असतं, ते तेव्हाच सुटतं. म्हणजे ग्लुटामेटही हवं आणि पेशी चेतलेलीही हवी. दोन्ही हवं! मग थोडं कॅल्शियम आत येतं आणि त्या दोन पेशींमधला सांधा बळकट होतो. शिकणं घडतं ते इथं. त्या रुग्णांत मात्र पेशी चेतलेलीच राहिल्यानं कॅल्शियमचा लोंढा आला आणि हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागातल्या पेशी मेल्या.

त्यानंतर कॅनडात मर्यादा ठरली : शिंपल्याच्या मांसात ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅम. त्यापेक्षा जास्त डोमॉइक आम्ल सापडलं, की तिथली काढणी बंद.