कुंद्याच्या आधी, कासेच्या आत

बेळगावात कुंदा शिजायला लागला की वास गल्लीभर जातोय, दूध आटून आटून तपकिरी रवाळ होत आलेलं असतंय आणि बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं. कढईतलं दूध आणि तोंडातलं ते पाणी, दोन्ही एकाच जातीच्या टिश्यूचं काम. शाळेच्या पुस्तकात त्याला ग्रंथिल अभिस्तर म्हणतात, म्हणजे रस बनवून बाहेर सोडणाऱ्या पेशींचं अस्तर.

चला, खानापूर तालुक्यातल्या एका गोठ्यात. पहाटेची धार सुरू आहे. कास म्हणजे दुधाची नुसती पिशवी असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाही, आत द्राक्षाच्या घडासारख्या पोकळ गोळ्या आहेत, एकेक इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना नीट दिसणार पण नाही, आणि प्रत्येक गोळीला आतून पेशींचं अस्तर, तेही एकच थर. हा थरच दूध बनवतो. रक्तातली साखर, अमिनो आम्लं एका बाजूनं उचलायची आणि दुसऱ्या बाजूनं पोकळीत दूध सोडायचं. गाईच्या कासेत एक लिटर दुधामागं साधारण ४०० ते ५०० लिटर रक्त फिरतं, काम केवढं बघा की! आणि फॅटचा थेंब बाहेर पडताना पेशीचंच थोडं आवरण अंगाभोवती गुंडाळून नेतो, मला तर यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

म्हशीच्या सडावरच्या पोकळीत दूध थोडंच, बाकी सगळं वर गोळ्यांत. म्हणून रेडकू ढुशा मारतंय, मेंदूकडून ऑक्सिटोसिन नावाचं हॉर्मोन रक्तात सुटतं, गोळ्यांभोवतीच्या पेशी आवळतात आणि मग म्हैस पान्हावते. तिला तेवढा वेळ द्यायलाच पाहिजे, इंजेक्शन टोचून धार काढणं चुकीचंच.

दूध, लाळ, घाम, हे सगळं नळीतून येतं. गर्भात वरचं अस्तर खालच्या टिश्यूत शिरतं, तिथं ग्रंथी होते आणि वरचा जोड राहिला तर त्याचीच नळी. काही ग्रंथींचा जोड नाहीसाच होतो. थायरॉइड त्यातली, जिभेच्या मुळाशी सुरू होऊन मानेत उतरते, नळी राहत नाही, म्हणून हॉर्मोन थेट रक्तात. तिच्याही गोळ्यांना एकच थर. आयोडीन कमी पडलं की मेंदूखालची पिट्युटरी तिला जास्त कामाला लावते, पेशी उंच होतात, वाढत जातात, आणि मग गळा पुढं आलेला दिसतो. मिठात आयोडीन घालतात ते यासाठीच.