शकुनीमामाची पकड

मंडळी, आपल्याकडे कुठल्याही घरात कान भरणारा एखादा माणूस सापडला की त्याला शकुनीमामा म्हणून आपण मोकळे होतो. डोळ्यासमोर सिरियलमधला तो मामा येतो, फासे चोळणारा, तिरकं हसणारा. आणि त्याच्यासोबत एक गोष्टही ठरलेली असते, की कौरवांनी त्याच्या बापाला आणि भावांना कैदेत उपाशी मारलं, मग त्यानं बापाच्या हाडांचे फासे केले आणि कुरुकुळाचा सूड घ्यायला हस्तिनापुरात येऊन बसला. गोष्ट जबरदस्त आहे, लोककथांमधून खूप फिरलेली आहे, पण पुण्यात भांडारकर संस्थेनं १९१९ पासून १९६६ पर्यंत शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती काढली तिच्यात ती नाही. हाडांचे फासे नाहीत, कैद नाही, सूडाची शपथही नाही.

हे मी मुद्दाम आधी सांगतेय. कारण सूड आला की सगळं सोपं होऊन जातं, शकुनी शत्रू, दुर्योधन त्याची शिकार, संपला विषय. मूळ ग्रंथातला शकुनी तसा नाहीये. तो गांधारच्या सुबल राजाचा मुलगा, गांधारीचा भाऊ, आणि भाच्याच्या बाजूनं अगदी शेवटपर्यंत उभा राहिलेला माणूस आहे, युद्धात त्याचा मुलगा उलूक मारला गेला, मग तो स्वतः मारला गेला. शत्रू असता तर कधीतरी ओळखू आला असता. हा तर घरातला, सगळ्यात जवळचा, ज्याच्यापाशी दुर्योधन रडू शकत होता असा माणूस होता, आणि मला तो जास्त भयंकर वाटतो.

आता सभापर्वाकडे येऊ, कारण सगळा खेळ तिथं आहे, म्हणजे द्यूताच्याही आधी. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात प्रत्येकाला काम वाटून दिलं होतं आणि दुर्योधनाकडे काम काय होतं, तर राजेलोकांनी आणलेले नजराणे स्वीकारायचं. विचार करा जरा. ज्या माणसाला लहानपणापासून पांडवांचं काहीच सहन होत नाही त्याला दिवसभर उभं राहून पांडवांची संपत्ती स्वतःच्या हातानं मोजून घ्यायची होती. तो नंतर बापाला सांगतो की घेता घेता माझे हात दमले, आणि मी दमलो तर लोक लांबून आणलेलं धन घेऊन तसेच रांगेत थांबून राहिले. ही तक्रार वाचताना मला त्याची कीव येते, खरंच येते. इथं तो नुसता दुष्ट वाटत नाही, आतून पोखरला गेलेला माणूस वाटतो.

यज्ञ झाल्यावर कृष्ण द्वारकेला निघून जातो, बाकीचे राजे जातात, आणि मयसभेत मागं कोण राहतं तर फक्त दुर्योधन आणि शकुनी, ग्रंथात दोघांचीच नावं आहेत. मग तो प्रसिद्ध प्रसंग, स्फटिकाची जमीन पाणी वाटते म्हणून तो कपडे वर उचलतो, आणि मग पाणी जमीन वाटतं म्हणून त्यात पडतो. भीम हसतो, अर्जुन हसतो, नकुल-सहदेव हसतात. "आंधळ्याचा मुलगा आंधळा" हे वाक्य तिथं द्रौपदी बोलत नाही, ते नंतर लोकांनी तिच्या तोंडी घातलंय. पण गंमत पुढं आहे, आणि इथं जरा नीट लक्ष द्या. हाच प्रसंग दुर्योधन जेव्हा धृतराष्ट्राला सांगतो तेव्हा तो म्हणतो की कृष्ण मोठ्यानं हसला, द्रौपदी बायकांसोबत हसली. कृष्ण तर तिथं नव्हताच! तो आधीच द्वारकेला गेला होता. म्हणजे अपमान त्याच्या डोक्यात वाढत गेलाय, हसणाऱ्यांची संख्या वाढलीये. दुखावलेल्या माणसाचं असंच होतं, आणि अशा वेळी त्याच्या शेजारी कोण बसलेलं असतं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

शेजारी मामा होता. हस्तिनापूरला परत येताना वाटेत भाचा काही बोलत नाही, नुसते उसासे टाकतो. शकुनी विचारतो, बाळा, उसासे का टाकतोयस? एवढा मोठा दरबार, भीष्म, द्रोण, एवढे सगळे भाऊ, पण विचारलं कुणी, तर मामानं. पकडीची पहिली गाठ इथं बसते, माझ्या मते. मग दुर्योधन सगळं ओकून टाकतो, म्हणतो मी आगीत जाईन, विष खाईन, पाण्यात बुडेन, पण जगू शकणार नाही.

आता शकुनी काय करतो ते टप्प्याटप्प्यानं बघा. आधी तो चक्क शहाणपणाचं बोलतो, युधिष्ठिराचा राग करू नकोस, ते आपल्या नशिबाचं खातायत. हे ऐकून कुणालाही वाटेल की वा, किती समंजस माणूस. मग तो म्हणतो तू एकटा कुठं आहेस, द्रोण आहेत, अश्वत्थामा आहे, कर्ण आहे, कृप आहेत, मी आहे माझ्या भावांसकट. दुर्योधन लगेच पेटतो, मग ह्या सगळ्यांना घेऊन मी त्यांना जिंकतोच. आणि असं चढवल्यावर मामा त्याला परत खाली आणतो, नाही रे, युद्धात ते देवांनाही जिंकता यायचे नाहीत. आधीच खचलेल्या माणसाला वर उचललं, आपटलं, आणि मग हळूच म्हणाला, पण एक उपाय मला माहितीये.

आणि इथं दुर्योधनाचं एक वाक्य आहे ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो म्हणतो, मामा, आपल्या माणसांना आणि बाकीच्या थोर लोकांना धक्का न लागता त्यांना जिंकता येत असेल तर सांगा. म्हणजे त्या क्षणापर्यंत थोडीशी काळजी शिल्लक होती त्याच्यात! रक्तपात नको होता. शकुनीनं ती काळजीसुद्धा वापरली, द्यूतात कुणी मरत नाही ना. युधिष्ठिराला द्यूताची आवड आहे, खेळता येत नाही, आणि बोलावलं तर तो नाही म्हणू शकत नाही, आणि माझ्यासारखा खेळणारा पृथ्वीवर नाही.

ह्या संपूर्ण संवादात शकुनी एकही खोटं वाक्य बोलत नाही. पांडव युद्धात अजिंक्य होते, खरं. युधिष्ठिराला आवड होती आणि कसब नव्हतं, खरं. नंतर तो धृतराष्ट्राकडे जाऊन सांगतो की तुझा थोरला मुलगा फिका पडलाय, वाळलाय, तू लक्ष का देत नाहीस, तेही खरंच. आपण लबाड माणूस म्हणजे खोटारडा असं धरून चालतो आणि तिथंच फसतो. हा माणूस फक्त खरं बोलतो, पण ते अशा क्रमानं मांडतो की शेवटी एकच दार उघडं राहतं आणि त्या दाराची किल्ली त्याच्या कमरेला असते. द्यूतात तरबेज होता तो मामा, दुर्योधन नव्हे. म्हणजे तोडगा असा की ज्यात मामाशिवाय पान हलणार नाही.

पुढची पायरी. शकुनी म्हणतो तू वडिलांना सांग, परवानगी काढ. दुर्योधन म्हणतो मामा, तुम्हीच सांगा, मला नाही जमणार. एवढा बलवान राजपुत्र, गदायुद्धात भीमाच्या तोडीचा, पण बापाशी बोलायलाही त्याला मामा लागतो. धृतराष्ट्र सुरुवातीला अडतो, विदुराला विचारतो म्हणतो, आणि मग दुर्योधन जे बोलतो ते ऐकून अंगावर काटा येतो. विदुर आला की तो तुम्हाला माघार घ्यायला लावणार, तुम्ही माघार घेतलीत की मी नक्की मरणार, मग मी मेल्यावर बसा विदुरासोबत सुखानं. वाटेत मामाजवळ जे खरं दुःख म्हणून बाहेर पडलं होतं तेच आता बापाविरुद्ध हत्यार झालंय. हे त्याला कुणी शिकवलं असं ग्रंथ सांगत नाही. पण कुणाच्या संगतीत असताना त्याला कळलं की आपलं रडणं कामाला येतं, हे आपल्याला दिसतं.

द्यूतसभेबद्दल मी थोडक्यात बोलते कारण ती सगळ्यांना पाठ आहे. फक्त दोन गोष्टी. एक, डाव दुर्योधनाच्या नावावर, धन दुर्योधनाचं आणि फासे मामाच्या हातात. युधिष्ठिर बोलतोसुद्धा की एकाच्या वतीनं दुसऱ्यानं खेळणं मला बरोबर वाटत नाही, पण बसतो खेळायला. दुसरी गोष्ट, शकुनीचं तंत्र फक्त भाच्यापुरतं नव्हतं. युधिष्ठिर नकुल-सहदेवाला हरतो तेव्हा शकुनी म्हणतो, माद्रीचे मुलगे लावलेस, भीम आणि अर्जुन तुला जास्त प्रिय दिसतात. झालं! सख्खा-सावत्र हा एक काटा टोचला आणि चिडलेला युधिष्ठिर अर्जुनालाही लावतो, भीमालाही लावतो. स्वतःलाही हरल्यावर, अजून तुझी राणी बाकी आहे हे सुचवणाराही शकुनीच. समोरच्याचं दुखरं ठिकाण कुठं आहे हे त्याला बरोबर कळायचं, फासे ही नंतरची गोष्ट.

सभेत विदुर एकटा उभा राहून ओरडतो की ह्या डोंगराळ मुलखातल्या माणसाचा कपटी खेळ आम्हाला माहितीये, जिथून आला तिथं त्याला परत पाठवा. आणि दुर्योधन विदुरालाच म्हणतो, तू मांडीवर घेतलेला साप आहेस, पोसणाऱ्यालाच बोचकारणारं मांजर आहेस. ज्यानं सावध केलं तो साप आणि ज्यानं बुडवलं तो आपला. आजही एखादं पोर वाईट माणसाच्या नादी लागतं तेव्हा आईबाप, मित्र समजवायला जातात आणि हेच ऐकून परत येतात. मी अशी घरं पाहिलीयेत, त्यातल्या आईवडिलांना मला एवढंच सांगायचंय की विदुराचं बोलणं चुकलं नव्हतं, त्याची वेळ चुकली होती. मयसभेतून परतताना त्या रथात तो हवा होता.

आता वनपर्व, आणि माझ्या दृष्टीनं ह्या सगळ्या विषयाचं मर्म इथं आहे. पांडव द्वैतवनात हाल काढतायत, आणि कर्ण आणि शकुनी दुर्योधनाला म्हणतात चल, आपलं वैभव त्यांना दाखवून येऊ. गाईगुरांची मोजणी करायचीये असा बहाणा, धृतराष्ट्राला पटवायला परत शकुनीच पुढं, आम्ही पांडवांच्या बाजूला फिरकणारही नाही म्हणे. तिथं चित्रसेन गंधर्वाशी भांडण होतं, तो दुर्योधनाला बांधून नेतो, आणि युधिष्ठिर भीम-अर्जुनाला पाठवून त्याला सोडवतो. ज्यांना हिणवायला गेला त्यांनीच जीव वाचवला. दुर्योधन कोसळतो. दुःशासनाला म्हणतो तू राज्य कर, आणि दर्भावर बसून अन्नपाणी सोडतो, प्राण द्यायचे म्हणून.

तेव्हा शकुनी त्याला काय सांगतो माहितीये? तो म्हणतो, पांडवांनी तुझ्यावर उपकार केलेत, ते मनात ठेव, त्यांचं राज्य त्यांना परत दे, भाऊपणा जोड, तुला धर्मही मिळेल आणि कीर्तीही. शकुनी! तो हे बोलतो! वनवासाची बारा वर्षं संपायच्या आत, युद्धाच्या कितीतरी आधी, सगळं मिटवायचा सल्ला खुद्द शकुनीनं दिलाय. आणि दुर्योधन ऐकत नाही. मला धर्म नको, धन नको, मैत्री नको, राज्य नको, तुम्ही सगळे जा, असं म्हणून बसून राहतो. पुढं दानव त्याला पाताळात नेऊन सांगतात की आम्ही तुझ्या बाजूनं लढू, सकाळी कर्ण परत येऊन अर्जुनाला मारायची शपथ घेतो, आणि ते ऐकून तो उठतो. युद्धाचं बोलणं ऐकून उठला, समेटाचं ऐकून नाही.

म्हणून म्हणते, कळसूत्री बाहुलीसारखा तो मामाच्या दोरीवर नाचत होता हे खरं नाही. मामाची पकड एकाच दिशेनं चालायची, भाच्याला जे आधीपासून हवंच होतं त्या दिशेनं. पांडवांना भिकेला लावायचं म्हटलं की मामा देवासारखा, आणि राज्य परत दे म्हटलं की तोच मामा नकोसा. शकुनीनं मत्सर निर्माण केला नाही, तो लहानपणापासून होता, भीमाला विष घातलं तेव्हाही होता. शकुनीनं त्या मत्सराला रस्ता दिला, सोबत दिली, आणि त्याला शहाणपणाचे कपडे चढवले. आणि एकदा असं केल्यावर ते परत उतरवायची ताकद त्याच्यात राहिली नाही. ह्यात त्याची सुटका नाहीये बरं का, उलट त्याचा दोष वाढतो, कारण योग्य काय हे त्याला माहीत होतं. त्या दिवशी रथातही माहीत होतं, पहिला सल्ला तर तोच दिला होता त्यानं, युधिष्ठिराचा राग करू नकोस म्हणून.

धृतराष्ट्राचा वाटाही मोठा आहे. द्रौपदीला पणाला लावलं तेव्हा तो आंधळा बाप परत परत विचारत होता, जिंकलं का, जिंकलं का. उद्योगपर्वात गांधारी त्याला भर सभेत सुनावते की सगळ्यात जास्त दोषी तूच आहेस, मुलाच्या प्रेमापायी. तिचा भाऊ एका बाजूला, नवरा दुसऱ्या बाजूला, आणि तरी तिनं बोट नवऱ्याकडे दाखवलं. बापानं एकदा जरी "मर मग" इतकं कठोर नाही पण "बस इथं, जेव, उद्या बोलू" एवढं म्हटलं असतं तरी मामाला जागा उरली नसती असं मला फार वाटतं.

युद्धाच्या अठराव्या दिवशी सहदेव शकुनीला मारतो. सैन्य संपतं, दुर्योधन डोहात लपतो, बाहेर येतो, भीमाकडून मांड्या फोडून घेतो. त्या अवस्थेत पडलेला असताना तो संजयाशी बोलतो, भीमानं नियम मोडल्याची तक्रार करतो, ज्यांच्या मागोमाग आपण आता जाणार त्या आपल्या माणसांची नावं घेतो. द्रोण, कर्ण, शल्य. आणि त्याच यादीत शकुनीचंही नाव आहे, सगळ्यांच्या बरोबरीनं. अठरा दिवसांत भाऊ गेले, मुलगा गेला, राज्य गेलं, तरी मामानं आपलं वाटोळं केलं असं एक वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही.