नाचाचं प्रदर्शन, ज्यात नाचायचं आपणच

हे बघा, मोरपीस. हात लांब करून नुसतं धरलंय, हलवत नाहीये, फॅनपण बंद आहे. पण टोकाकडचे ते बारीक केस बघा, थांबा जरा कॅमेऱ्याजवळ आणते... दिसलं? थरथरतायत. आजचा व्हिडिओ या थरथरण्यावर आहे.

विल्यम फोर्साइथ हे नाव नाचवाल्या लोकांना माहीत असेल. १९८४ ते २००४, वीस वर्षं जर्मनीत फ्रँकफर्टच्या बॅले कंपनीचा डायरेक्टर होता हा माणूस. तर त्याला प्रश्न पडला की कोरिओग्राफी करायला डान्सरच कशाला पाहिजे? एखादी वस्तू ठेवली, सोबत एक साधी सूचना लिहिली आणि ती वस्तूच येणाऱ्या माणसाला हलायला लावत असेल तर? अशा वस्तूंना तो कोरिओग्राफिक ऑब्जेक्ट्स म्हणतो. त्यांचं मोठं प्रदर्शन अमेरिकेत बोस्टनच्या आयसीए या आजच्या काळातल्या कलेच्या म्युझियममध्ये होतं, २०१८ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत, मी तेव्हा तिकडेच राहायचे म्हणून जाता आलं.

एका खोलीत छतापासून पट्ट्यांना जिम्नॅस्टिक्सच्या रिंग्ज लटकवल्या होत्या, कुठे गुडघ्याएवढ्या उंचीवर, कुठे डोक्याच्या वर, आणि जमिनीला पाय न लावता फक्त रिंग्ज धरत पलीकडे जायचं. शाळेत दोरीचा मल्लखांब केलाय मी, म्हटलं हे काय, सहज जाईन. पण रिंगमध्ये पाय टाकला की ती पुढे पळते, मग वरचा हात ताणला जातो, मग कंबर वळते, आणि दुसरा पाय कुठे टाकायचा ते कळेपर्यंत हात भरून आलेले असतात. आपलं वजन नक्की किती आहे आणि कुठे आहे हे मला त्या दिवशी कळलं, खरंच.

दुसरीकडे पेंडुलम झुलत होते, त्यांच्यामधून चालायचं पण एकालाही धक्का लागू द्यायचा नाही. तिथे काठी घेतलेले एक आजोबा होते, थांबायचे, अंदाज घ्यायचे, एक पाऊल टाकायचे, परत थांबायचे, आणि त्यांची ती लय इतकी सुंदर होती ना की मी माझं चालणं सोडून त्यांनाच बघत बसले. त्यांना कोणी "नाचा" म्हटलं असतं तर ते लाजले असते, इथे तसं कोणी म्हणतच नाही म्हणून शरीर मोकळं होतं. मला या प्रदर्शनातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९७१ मध्ये लंडनच्या टेट गॅलरीत रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन शिल्पकाराने लोकांनी चढायला, तोल सांभाळायला, ढकलायला लाकडी रॅम्प, फळ्या असं काय काय ठेवलं होतं, आणि लोक इतके तुटून पडले की चार-पाच दिवसांत बंद करावं लागलं. पुढे २००९ मध्ये टेट मॉडर्नमध्ये ते पुन्हा उभं केलं.

पण बोस्टनच्या प्रदर्शनातलं माझ्या मनात राहिलं ते फोर्साइथचं सगळ्यात छोटं काम. धूळ झटकायचा पिसांचा डस्टर आणि सूचना एकच, ही वस्तू अजिबात न हलवता धरा. मी धरला, पिसं थरथरली. हात आवळला तर आणखी थरथरली. श्वास रोखला, तर छातीतला ठोका थेट पिसाच्या टोकावर दिसायला लागला, ठक, ठक, ठक.

म्हणून हे मोरपीस. देवघरात, वहीत, कुठेतरी असेलच तुमच्याकडे, घेऊन या. फॅन बंद करा. हात पूर्ण लांब. मी एक मिनिट लावते, आता कोणी बोलायचं नाही.