महागडा ॲम्प्लिफायर ‘अधिक खुला’ वाजतो म्हणता? दोन्हींचा आवाज आधी सारखा केला होता का?

नमस्कार. हाय-एंड ऑडिओबद्दल मी काहीही बोललो की त्या व्हिडिओखाली दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की महाग ॲम्प्लिफायर, डॅक (डिजिटल संकेताचे ॲनालॉग संकेतात रूपांतर करणारे उपकरण) आणि केबल हे सगळे थोतांड आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की फरक स्पष्ट आहे आणि तो मला ऐकू येत नाही, हा माझ्या कानांचा दोष आहे. दोन्ही तटांतील बहुतेकांनी एक साधी गोष्ट केलेली नसते, आणि आजचा व्हिडिओ जवळजवळ त्या एकाच गोष्टीवर आहे.

सोर्स, डॅक, ॲम्प्लिफायर, स्पीकर ही साखळी तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून ती पुन्हा समजावत नाही. डेसिबलबद्दल एवढेच लक्षात ठेवा की ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वॉट लागतात, आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट वॉट लागतात. मूलभूत माहिती संपली.

आता मुद्दा. दोन उपकरणांची तुलना करताना दोन्हींची ध्वनिपातळी तंतोतंत सारखी असली पाहिजे. ‘साधारण सारखी’ चालत नाही आणि ‘कानाने जुळवली’ तर अजिबात चालत नाही. ती ०.१ डेसिबलच्या आत हवी, म्हणजे स्पीकरच्या टर्मिनलवर मोजलेल्या व्होल्टेजमध्ये सुमारे एक टक्क्याच्या आत.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. काही वर्षांपूर्वी मी एक अत्यंत जड, समोर सुयांचे मीटर असलेला ॲम्प्लिफायर घेतला आणि जुन्या, हलक्या ॲम्प्लिफायरशेजारी ठेवून एका मित्रासमोर तासभर व्याख्यान दिले: साउंडस्टेज, म्हणजे वाद्ये समोर पसरल्याचा भास, कसा रुंद झाला आहे, गायकाच्या श्वासाभोवती हवा कशी जाणवते, बेस कसा मुळापर्यंत उतरतो. दोन्ही नॉब घड्याळातल्या अकराच्या जागी होते, म्हणून पातळी सारखीच आहे असे मी गृहीत धरले होते. मित्र मुकाट्याने उठला आणि त्याने मल्टिमीटर लावला. जुन्यावर २.०० व्होल्ट, नव्यावर २.१८ व्होल्ट. हा फरक सुमारे पाऊण डेसिबलचा आहे. पातळी जुळवल्यानंतर त्याने मला पाठमोरे बसवले आणि प्रत्येक वेळी नाणे उडवून १६ वेळा ऐकवले. माझी ९ उत्तरे बरोबर आली. १६ पैकी १२ आली असती, तर ती केवळ योगायोगाने येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी राहिली असती. ९ म्हणजे नाणेफेकच. गायकाच्या श्वासाभोवतीची ती हवा तेव्हापासून मला सापडलेली नाही.

पाऊण डेसिबल ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही, ही यातली खरी मेख आहे. बेल लॅबोरेटरीजमधील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेले आलेख पाहिले, तर कान सर्व स्वरांना सारखा न्याय देत नाही हे दिसते. पातळी कमी असताना खालचे स्वर तो अधिकच कमी ऐकतो आणि पातळी वाढली की ते मधल्या स्वरांपेक्षा वेगाने वर येतात. म्हणून पातळी जराशी वाढली की मेंदू ‘मोठा’ असे न म्हणता ‘भरदार’, ‘खुला’, ‘जिवंत’ अशी विशेषणे देतो. परीक्षणांतली निम्मी शब्दसंपदा पाऊण डेसिबलमधून जन्माला आली असावी, असा माझा संशय आहे, आणि तो मी सिद्ध करू शकत नाही.

तिसऱ्या बाजूनेही हेच पाहू, कारण ‘नॉब सारखा ठेवला होता, तरी फरक आला’ ही प्रतिक्रिया मला दर आठवड्याला येते. नॉबवरचा आकडा हे मापन नाही. प्रत्येक ॲम्प्लिफायरचा गेन, म्हणजे संकेत किती पट वाढवायचा ते प्रमाण, वेगळा असतो, डॅकची आउटपुट पातळी वेगळी असते, आणि नॉबमधला पोटेन्शिओमीटर कोणत्या कोनावर किती सोडतो हे बनवणाऱ्याच्या मर्जीवर असते. ‘नव्या डॅकने गाण्यावरचा पडदा उठवला’ असे लिहिणाऱ्यांपैकी ज्यांना मी दोन्ही डॅकचे आउटपुट व्होल्टेज विचारतो, त्यांच्यातील बरेच जण नंतर गप्प होतात. एकाने मात्र प्रामाणिकपणे तपासून कळवले की नवा डॅक तब्बल दोन डेसिबल मोठा होता. त्या सद्गृहस्थांचे मी मनापासून आभार मानतो.

[पडद्यावर: स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरच्या पिना]

आता कृती पाहा. ४०० हर्ट्झचा सलग टेस्ट टोन लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, आणि स्पीकर जोडलेला असतानाच त्याच्या लाल-काळ्या टर्मिनलवर पिना टेकवा. पिना एकमेकींना लागू देऊ नका. ॲम्प्लिफायरचे आउटपुट शॉर्ट झाले तर चाचणी तिथेच संपेल. पहिल्यावर २.०० दिसत असेल, तर दुसऱ्यावर १.९८ ते २.०२ च्या आत आणा. साध्या मीटरची अचूकता वरच्या स्वरांवर ढासळते, म्हणून मी ४०० हर्ट्झ म्हणतो. पण मीटर थोडा चुकत असला तरी बिघडत नाही, कारण आपल्याला खरा आकडा नको आहे, दोन्ही वेळा तोच आकडा हवा आहे. मोबाइलवरील ॲपने हे काम करू नका. १००० हर्ट्झची ध्वनिलहर सुमारे ३४ सेंटिमीटर लांब असते, त्यामुळे फोन वीतभर हलला की खोलीतल्या परावर्तनांमुळे वाचन बदलते आणि तुम्ही ॲम्प्लिफायरऐवजी स्वतःच्या हाताची चाचणी घेता. दोन ॲम्प्लिफायर आलटून-पालटून स्पीकरला जोडणारा स्विच बॉक्स वापरणार असाल, तर दोन ॲम्प्लिफायरची काळी टर्मिनल एकमेकांना जोडू नका. काहींमध्ये काळे टर्मिनल ग्राउंड नसते.

यानंतर एखादा ॲम्प्लिफायर खरोखर वेगळा ओळखू आला, तर मला आनंदच होईल, कारण मग कारण शोधता येते. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरचे उदाहरण घ्या. त्याचा आउटपुट इम्पिडन्स (एसी प्रवाहाला होणारा रोध) २ ओहम असेल आणि स्पीकरचा इम्पिडन्स वेगवेगळ्या स्वरांवर ४ ते २० ओहम असा बदलत असेल, तर त्या स्वरांच्या पातळीत अडीच डेसिबलहून अधिक फरक पडतो. तो ऐकू येतो आणि कुणाला आवडूही शकतो. मात्र त्याला ‘संगीताचा आत्मा’ म्हणण्याची गरज नाही. तो एक स्थिर इक्वलायझर (काही स्वर चढवणारा, काही उतरवणारा) आहे, जो स्पीकर बदलला की बदलतो.

स्पीकर केबलबद्दल थोडक्यात सांगतो. २.५ चौरस मिलिमीटर जाडीची साधी तांब्याची केबल तीन मीटर लांब घेतली, तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.०४ ओहम होतो आणि ८ ओहमच्या स्पीकरवर तिच्यामुळे होणारी घट ०.०५ डेसिबलहूनही कमी असते. ‘केबल आधी २०० तास वाजवून मुरू द्या’ हा सल्ला मला वारंवार मिळतो. २०० तासांत केबल बदलत नाही. तुम्हाला त्या आवाजाची सवय होते.

डोळे झाकून ऐकण्यालाही अनेकांचा आक्षेप असतो: दडपण येते, कान थकतात, संगीत असे ऐकायचे नसते. आक्षेप अगदीच पोकळ नाही, पण उघड्या डोळ्यांनी काय होते तेही पाहा. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली ४० श्रोत्यांना तेच चार स्पीकर एकदा पाहून आणि एकदा न पाहता ऐकवले. श्रोते हरमनचे, म्हणजे स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचेच कर्मचारी होते. न पाहता ऐकताना ज्या लहान, स्वस्त संचाला चांगले गुण मिळाले, तोच दिसू लागल्यावर घसरला; आणि स्पीकरची खोलीतली जागा बदलल्यावर आवाजात होणारा खरा बदलसुद्धा पाहून ऐकणाऱ्यांच्या गुणांमध्ये फारसा उमटेनासा झाला. म्हणजे डोळे नसलेला फरक दाखवतात आणि असलेला लपवतात.

हाय-रेझोल्यूशनचा, म्हणजे सीडीपेक्षा अधिक तपशील नोंदणाऱ्या ध्वनिमुद्रणाचा, वादही याच जातीचा आहे. मेयर आणि मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण थेट आणि सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या चाळणीतून असे दोन्ही प्रकारे ऐकवले. ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे निम्मीसुद्धा नाहीत. त्या चाचणीतील काही ध्वनिमुद्रणे मुळात हाय-रेझोल्यूशन नव्हती, ही टीका रास्त आहे. २०१६ साली जोशुआ रीस यांनी १८ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा अचूकता सुमारे ५२ टक्के निघाली आणि प्रशिक्षित श्रोत्यांमध्ये ती अधिक होती. तेव्हा फरक शून्य आहे असे मी म्हणणार नाही. तो ‘पडदा उठला’ म्हणण्याइतका नाही, एवढेच म्हणेन.

आणि ज्यांना डिजिटलचा नुसता स्पर्शही ऐकू येतो, त्यांच्यासाठी २०२२ सालची मोबाइल फिडेलिटीची घटना आहे. रेकॉर्ड काढणाऱ्या या कंपनीच्या ज्या एलपींची शुद्ध ॲनालॉग म्हणून वाहवा होत होती, त्यांपैकी अनेकांच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता, हे त्या वर्षी उघड झाले. तोवर वर्षानुवर्षे ते कानांनी ओळखून कुणी बोभाटा केला नव्हता.

मग लक्ष कशाकडे द्यायचे? स्पीकर आणि खोली. समोरासमोरच्या दोन भिंतींत चार मीटर अंतर असेल, तर सुमारे ४३ हर्ट्झवर खोली स्वतःच घुमू लागते. तुमची खुर्ची कुठे आहे त्यानुसार तो स्वर छातीवर बसतो किंवा गायब होतो. स्पीकरपासून मागची भिंत एक मीटरवर असेल, तर परतून आलेली लहर ८६ हर्ट्झच्या आसपासचा बेस खाते. असे चढउतार सहज १० डेसिबलचे असू शकतात, आणि आपण वाद घालतो तो केबलच्या ०.०५ डेसिबलवर! स्पीकर वीतभर पुढे ओढून पाहा. खुर्चीवर बसून कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात ट्विटर (स्पीकरमधला वरच्या स्वरांचा छोटा भाग) दिसेल, तिथे जाड पडदा किंवा पुस्तकांचे कपाट येऊ द्या.

शेवटी, खाली हमखास विचारला जाणारा प्रश्न: तो जड ॲम्प्लिफायर विकला का? नाही. तो अजून माझ्याकडेच आहे, कारण रात्री दिवे मालवल्यावर त्याच्या मीटरच्या सुया तबल्याच्या ठेक्यावर हलताना मला बघायला आवडतात. जुना, हलका ॲम्प्लिफायर मित्राने नेला. जाताना दोन्हींचे व्होल्टेज त्याने पुन्हा एकदा मोजले.